जमिनीखालचा गॅस आणि वर राहणारी माणसं: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची बरीच वर्षं मी गॅसवाहिन्यांच्या देखभालीत काढली. आता कोथरूडला आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. त्यामुळे जिन्यात, भाजी घेताना, सर्वसाधारण सभा संपल्यावर लोक थांबवतात आणि विचारतात. मध्यंतरी परदेशातल्या भूमिगत गॅससाठ्याच्या गळतीचा एक जुना व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला आणि प्रश्न दुपटीने वाढले. तोच तो प्रश्न दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं.

पुण्याच्या जमिनीखाली गॅसचा साठा आहे का?

नाही. पुण्याच्या पोटात नैसर्गिक वायूचा असा साठा नाही. आपल्या रस्त्यांखालून जातात त्या वाहिन्या. गॅस बाहेरून मोठ्या पाइपलाइनने येतो, शहराच्या वेशीवरच्या केंद्रात त्याचा दाब कमी करतात, त्याला वास लावतात आणि मग तो घराघरांत, हॉटेलांत, सीएनजी पंपांवर पोचतो. पुण्यात हे काम एमएनजीएल, म्हणजे महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड करते.

मग भूमिगत साठा म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडचा शब्द आठवा: पेव. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात धान्य भरायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत. पेव टिकतं ते आतल्या मातीच्या गुणावर आणि वरचं तोंड किती पक्कं बंद केलंय त्यावर. गॅसचंही अगदी तसंच आहे, फक्त खोली काही हात नाही, शेकडो मीटर ते दोन-अडीच किलोमीटर असते.

जगात यासाठी मुख्यतः तीन प्रकारच्या जागा वापरतात. तेल किंवा गॅस काढून रिकामे झालेले खडकाचे थर, खारट पाणी असलेले सच्छिद्र थर आणि मिठाच्या जाड थरात पाणी सोडून, मीठ विरघळवून केलेल्या पोकळ्या. अमेरिकेत असे सुमारे ४०० साठे आहेत आणि त्यातले बहुतेक पहिल्या प्रकारचे. ही कल्पना नवी नाही. कॅनडात १९१५ साली एका रिकाम्या क्षेत्रात गॅस परत भरून पाहिला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ तेच केलं, आणि तिथून हे तंत्र रुळलं.

एवढा खटाटोप कशासाठी?

थंडीसाठी. थंड देशांत हिवाळ्यात घरं तापवायला गॅस लागतो, उन्हाळ्यात मागणी घसरते. उन्हाळ्यात भरायचा, हिवाळ्यात काढायचा. आपण मे महिन्यात वर्षाचे गहू भरून ठेवतो, तोच हिशेब. आणि भरलेला सगळा गॅस कधीच बाहेर काढत नाहीत. आत दाब टिकावा म्हणून बराचसा कायमचा आतच ठेवावा लागतो. त्याला कुशन गॅस म्हणतात. रिकाम्या तेलक्षेत्रात तो साधारण निम्मा असतो.

खाली मोठी गुहा, तिच्यात गॅस. ठिणगी पडली तर आख्खा डोंगर उडेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्यामागची भीती मला समजते, पण ती चुकीच्या जागी आहे.

एक तर बहुतेक ठिकाणी गुहा नसतेच. ओल्या वाळूत पाणी मुरावं तसा गॅस खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेला असतो. दुसरं, नैसर्गिक वायू पेटायला हवा लागते, तीही ठरावीक प्रमाणात. हवेत हा वायू साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच तो पेट घेतो. त्याहून कमी असला तरी नाही, जास्त असला तरी नाही. खाली खडकात नुसता गॅस असतो, हवा नसते. त्यामुळे तिथे स्फोट होत नाही. धोका सुरू होतो तो गॅस वर येऊन हवेत मिसळतो तिथे.

मग तो वर येतो कसा?

माणसाने पाडलेल्या भोकातून, म्हणजे तेल-गॅस काढायला किंवा भरायला खोदलेल्या अरुंद, खोल विहिरीतून. खडक लाखो वर्षं गॅस धरून बसलेला असतो, गळते ती आपली विहीर. हे दोन उदाहरणांनी सांगतो, कारण दोन्हींत शेजारी राहणाऱ्यांनी फार सोसलं.

पहिलं कॅलिफोर्नियातलं अलिसो कॅनियन. लॉस एंजेलिसच्या वायव्येला असलेलं हे जुनं तेलक्षेत्र १९७० च्या दशकापासून गॅस साठवायला वापरात होतं. २३ ऑक्टोबर २०१५ ला तिथली एक विहीर फुटल्याचं लक्षात आलं. ही विहीर १९५० च्या दशकात तेलासाठी खोदलेली होती. तिच्यातला खोलवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह १९७९ साली काढला आणि परत बसवलाच नाही. पुढच्या तपासात निघालं, की भूजलाच्या संपर्कात राहून जिवाणूंमुळे लोखंडी नळी बाहेरून गंजत गेली होती. वरून चिखल आणि द्रव ओतून विहीर बंद करायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले. शेवटी शेजारून नवी विहीर खोदत नेली, सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर जुन्या विहिरीला तळाशी गाठलं, तेव्हा फेब्रुवारी २०१६ मध्ये गळती थांबली. तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला होता. आग लागली नाही. पण पायथ्याच्या पोर्टर रँच वस्तीतल्या लोकांना डोकेदुखी, मळमळ, नाकातून रक्त येणं असे त्रास झाले आणि आठ हजारांहून जास्त कुटुंबांना घर सोडून दुसरीकडे राहावं लागलं. साडेतीन महिने! आपल्याकडे दोन दिवस पाणी नसलं तर काय होतं ते आठवा.

दुसरं कॅन्ससमधलं हचिन्सन, जानेवारी २००१. इथे मिठाच्या थरातल्या पोकळ्यांमध्ये गॅस भरलेला होता. एका विहिरीच्या नळीला जमिनीखाली भोक पडलं. निसटलेला गॅस सरळ वर आला नाही. तो खडकाच्या एका सच्छिद्र थरातून आडवा सुमारे ११ किलोमीटर चालत गेला आणि गावात, पूर्वी मीठ काढायला खोदलेल्या आणि विसरलेल्या विहिरींतून वर उफाळला. १७ तारखेला गावाच्या मध्यवस्तीत स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी एका वस्तीत पुन्हा झाला आणि त्यात दोन माणसं गेली. आपल्या घराखाली जुनी विहीर आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं.

म्हणून कोणी विचारलं, की शेजारी साठा असणं सुरक्षित आहे का, तर मी उलट विचारतो: विहिरी किती जुन्या आहेत, त्यांची तपासणी कधी झाली, आणि आसपासच्या बेवारस विहिरींचा नकाशा कुणाकडे आहे? उत्तर मिळालं तर बोलू. टाळाटाळ झाली तर काळजी करायला जागा आहे.

उद्या कुणी पुण्याजवळ असा साठा करायचा म्हटलं तर?

माझ्या समजुतीप्रमाणे ही जागा त्यासाठी योग्य नाही. पुणे बेसॉल्टवर, काळ्या पाषाणावर उभं आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले, त्यातून हा दख्खनचा पठारी खडक झाला. यात ना मिठाचे जाड थर, ना रिकामी झालेली तेलक्षेत्रं. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विवर घेतलं, तेव्हा नऊशेहून अधिक मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा कठीण खडक.

शिवाय या खडकाला भेगा आहेत. बोअर मारणाऱ्याला विचारा. पाषाण कोरडा लागतो, आणि मग एखादी भेग लागली की पाणी. त्या भेगांच्या जिवावर आपल्या सोसायट्यांच्या बोअरवेल चालतात. हचिन्सनला जुन्या विहिरी घातक ठरल्या. आपण तर गल्लोगल्ली जमीन टोचून ठेवली आहे.

भारतात कुठेच असे साठे नाहीत का?

आहेत, पण कच्च्या तेलाचे आणि एलपीजीचे. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे कठीण खडक कोरून केलेल्या गुहांत देशाचा आणीबाणीचा कच्च्या तेलाचा साठा असतो, एकूण क्षमता ५३.३ लाख टन. विशाखापट्टणमला एलपीजीचीही भूमिगत गुहा आहे. या गुहांना आतून पोलादी अस्तर नसतं. भोवतीच्या खडकातल्या पाण्याचा दाब आतल्या मालापेक्षा जास्त राखतात, त्यामुळे पाणी थेंबथेंब आत झिरपतं आणि माल बाहेर पडत नाही. मला हे तंत्र फार देखणं वाटतं.

माझ्या दारातल्या पाइपात किती दाब असतो?

मोठ्या रस्त्याखालच्या पोलादी वाहिनीत दाब बराच असतो. तिथून केंद्रात तो उतरवून गल्लीतल्या प्लास्टिकच्या नळीत साधारण ४ बारपर्यंत आणतात, म्हणजे गाडीच्या टायरच्या दुपटीहून कमी. तुमच्या शेगडीपर्यंत पोचतो तेव्हा तो २१ मिलिबार उरतो. नळी पाण्यात धरली तर हा दाब वीतभर पाणी कसाबसा रेटेल. जमिनीतल्या खोल साठ्यात मात्र शंभर-दोनशे बारही असू शकतो. तो व्हिडिओ पाहून आपल्या स्वयंपाकघरातल्या पाइपाला घाबरू नका, एवढंच मी सोसायटीतल्या काकूंना सांगत असतो.

पाइपचा गॅस आणि सिलेंडरचा गॅस, दोन्ही सारखेच ना?

नाही, आणि हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका, वर जातो, छताखाली जमतो. सिलेंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, उंबऱ्यावरून, जिन्यावरून खाली उतरतो, बेसमेंटमध्ये आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये साचतो. एलपीजी तर हवेत दोन टक्क्यांच्या आसपास असला तरी पेटू शकतो.

म्हणून पाइपचा गॅस असेल तर वरची झरोक्याची खिडकी कायम उघडी असू द्या. सिलेंडर असेल तर खालून हवा खेळायला हवी. ओट्याखाली फर्निचर करून सिलेंडर दारांआड बंद करतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

आमच्या सोसायटीत जमिनीखाली एलपीजीची टाकी आहे. ती चालते का?

चालते, नियमात असेल तर. अशा मोठ्या टाक्यांना पेसोचा परवाना लागतो. स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. टाकीपासून इमारतीपर्यंत किती अंतर हवं हे नियमांत ठरलेलं असतं, आणि वेळोवेळी तपासणी करून घ्यावी लागते. कमिटीकडे परवान्याची प्रत आणि शेवटच्या तपासणीचा दाखला मागा. सभासद म्हणून ते मागण्यात काहीही गैर नाही. आणि त्या कुंपणाच्या आत कुंड्या, जुनी कपाटं, दिवाळीचे कंदील ठेवू देऊ नका.

गॅसला तो घाण वास का असतो?

कारण मुळात त्याला वास नसतो. १८ मार्च १९३७ ला टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला गॅस गळून तळघरात साचला आणि स्फोटात सुमारे तीनशे जण गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला मुद्दाम वास लावण्याचे कायदे झाले. मरकॅप्टन नावाचं रसायन अगदी थोडं मिसळतात, एवढं की हवेत गॅस पेटण्याइतका होण्याच्या पुष्कळ आधी नाकाला कळावं.

पण वासावर पूर्ण विसंबू नका. गॅस मातीतून लांबवर मुरत आला तर माती वास शोषून घेऊ शकते. नाकही सरावतं; दहा मिनिटांनी वास कमी वाटला म्हणजे गॅस कमी झाला असं नाही. ज्येष्ठांना, सर्दी झालेल्यांना तर कळतही नाही.

गटाराचा वास आहे की गॅसचा, कसं ओळखायचं?

ओळखत बसू नका. गॅस शोधणाऱ्या मीटरने तपासणं हे ज्यांचं काम आहे त्यांना बोलवा. दहादा गटारच निघालं तरी चालेल.

जमिनीखाली गळती आहे हे वरून कसं कळतं?

सांगतो, कारण एकदा हे मी डोळ्यांनी पाहिलं. जूनचा पहिला मोठा पाऊस पडून गेला होता. गेटजवळ आदल्या आठवड्यात कोणीतरी केबलसाठी चर खणून, बुजवून गेलं होतं आणि तिथे डबकं साचलं होतं. वॉचमनमामा म्हणाले, "साहेब, सकाळपासून बुडबुडे येतायत, खेकडा असंल." खेकडा एका जागी थांबून तासन् तास बुडबुडे सोडत नाही. वाकून पाहिलं तर दोन-दोन, तीन-तीन बुडबुडे एकाच रेषेत, चराच्या बरोबर वर. उघड्यावर वास जवळजवळ नव्हता. पण पार्किंगमधल्या केबलच्या चेंबरचं झाकण सरकलेलं होतं, तिथे मात्र यायला लागला होता. गाड्या जागेवर थांबवल्या, पार्किंग मोकळं केलं, फोन लावला. पथक आलं, मीटर लावला, खोदलं. पिवळ्या नळीवर कुदळीचा बोटभर ओरखडा आणि त्यातून बारीक फुत्कार. खणणाऱ्या ठेकेदाराने नळीला धक्का लागल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला अजून राग येतो तो त्या न सांगण्याचा. चूक होते, ती झाकायची नसते.

तर लक्ष ठेवायचं ते यावर: डबक्यात एका जागी सतत येणारे बुडबुडे, आजूबाजूला हिरवळ असताना एकाच पट्ट्यात वाळलेलं गवत किंवा झाड, जमिनीतून येणारा सूं सूं आवाज, कारण नसताना उडणारी धूळ. बुडबुड्यांवर काडी ओढून बघू नका. हे सांगावं लागतं, कारण कुणी ना कुणी असा सल्ला देतंच.

गॅस इमारतीत शिरतो तो कुठून?

सोप्या वाटेने. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाण्याचा नळ आणला, तेव्हा ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, आतली हवा बाहेर पडावी म्हणून. आज आपण उलट करतो. घराभोवती काँक्रीट, त्यावर पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी. मोकळ्या मातीतून गॅस सरळ वर निघून गेला असता. तो आता फरशीखालून आडवा सरकतो आणि केबलच्या पाइपातून, ड्रेनेजच्या सांध्यातून, भिंतीच्या फटीतून तळमजल्यात किंवा लिफ्टच्या खड्ड्यात येतो. केबल जिथे भिंतीतून आत शिरते ती भोकं बुजवून घ्या, आणि कुंपणालगत एक पट्टा तरी मातीचा राहू द्या.

वास आला तर नेमकं काय करायचं?

शेगडी बंद, मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद, खिडक्या-दारं उघडी. विजेचं कोणतंही बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. बेल नाही, लिफ्ट नाही, एक्झॉस्ट पंखा नाही. शेजाऱ्यांना दार वाजवून उठवा आणि जिन्याने उतरा. वास पार्किंगमध्ये असेल तर गाडी बाहेर काढायला जाऊ नका. स्टार्टर मारणं म्हणजेच ठिणगी. फोन बाहेर, लांब जाऊन करायचा.

पाइप गॅससाठी तुमच्या कंपनीचा आणीबाणीचा नंबर बिलावर असतो. तो आत्ताच मोबाइलमध्ये घाला आणि वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावा. एलपीजीच्या गळतीसाठी देशभर १९०६, अग्निशमन दल १०१, आणि कुठलाच आठवला नाही तर ११२.

गळणारा गॅस पेटलेलाच असेल तर ज्योत विझवायला धावू नका. आधी पुरवठा बंद व्हायला हवा. ज्योत विझली आणि गॅस येतच राहिला तर तो साचतो, आणि ते जास्त वाईट. रस्त्यावरचा व्हॉल्व्हही आपण फिरवायचा नाही.

गॅस नाकात गेला तर विषबाधा होते का?

मिथेन विषारी नाही. बंद जागेत तो प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस गुदमरतो. म्हणून चेंबरमध्ये किंवा खड्ड्यात बेशुद्ध पडलेल्याला काढायला कधीही एकट्याने उडी मारू नका. जुनी माणसं पेवात उतरण्याआधी ते बराच वेळ उघडं ठेवायची, ते याच अनुभवातून.

पण घरात माणसं जातात ती बऱ्याचदा दुसऱ्याच वायूने. बंद बाथरूममधला गॅस गीझर. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, चक्कर येते, आणि दाराची कडी काढायची ताकद उरत नाही. मिथेन किंवा एलपीजी दोन्हींच्या बाबतीत हे खरं आहे. गीझर बाथरूमबाहेर लावा, किंवा निदान धूर बाहेर नेणारा पाइप आणि कायम उघडा झरोका ठेवा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर त्याच दिवशी माणूस बोलवा. भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये मी हे सगळ्यात वाईट अवस्थेत पाहिलंय. घरमालकांनो, ती मुलं तुमच्या भरवशावर आहेत.

भूकंप झाला तर?

१९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण घरोघरी आहे, म्हणून हा प्रश्न येतो. गल्लीतली प्लास्टिकची नळी लवचिक असते, ती बरंच सोसते. इमारतीवरचे कडक पाइप आणि सांधे जास्त नाजूक. धक्का बसला तर थरथर थांबल्यावर मीटरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि कंपनीच्या माणसाने तपासेपर्यंत उघडू नका.

समोर जेसीबी येऊन खोदायला लागला तर रहिवासी काय करू शकतात?

खाली उतरून विचारू शकतात. रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी लागते; ती दाखवा म्हणा. गॅसवाल्यांना कळवलंय का विचारा. खोदणाऱ्यांनी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना आधी कळवावं यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. खणताना इशाऱ्याची पट्टी दिसली तर तिच्याखाली वाहिनी आहे, तिथून पुढे यंत्र नाही, हातानेच. बहुतेक ऑपरेटर ऐकतात. त्यांनाही संध्याकाळी घरी जायचं असतं. ऐकलं नाही तर कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवरच फोन करा, तक्रारीच्या नाही.

कमिटीने पावसाळ्याआधी काय करून घ्यावं?

गॅस कंपनीकडून आवारातल्या वाहिनीचा नकाशा घ्या आणि पार्किंगच्या भिंतीवर रंगाने खुणा करा. इमारतीवरचे पाइप गंजलेत का, रंगारी काम करताना त्यांना दोरी बांधून लटकतात का, ते पाहा. शेगडीची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर तारीख छापलेली असते. आम्ही गेल्या मे महिन्यात एका रविवारी घरोघरी जाऊन ती तारीख वाचली. तळमजल्यावरच्या काकूंची नळी इतकी जुनी होती, की छापलेलं पुसून गेलं होतं. सोमवारी बदलली.